एअर रायफलचा पुढचा दस्ता हलतोय? स्क्रू आवळण्याआधी हे वाचा

शाळेच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये आमची दहा मीटरची रेंज आहे. उन्हाळ्यात सराव सकाळी साडेसहाला सुरू करतो, कारण नऊनंतर त्या पत्र्याखाली उभं राहवत नाही. मे महिन्यातल्या एका सकाळी आठवीतली एक पोर दोन कार्डं घेऊन आली. पहिल्या कार्डावरची दहाही भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली असती. दुसऱ्यावर ती उजवीकडे, वर, खाली, वाट्टेल तिथे होती. मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, "सर, बंदूक हलून राह्यली."

मी रायफल घेतली. नळीत छर्रा नाही आणि स्प्रिंग ताणलेली नाही, हे आधी बघितलं. मग डाव्या हाताने नळीखालचं लाकूड धरलं, उजव्या हाताने वरची लोखंडी नळी धरली आणि हलकेच पिळलं. टिक. उलट बाजूला पिळलं. पुन्हा टिक. आवाज एवढा बारीक की शेडमध्ये दुसरं कुणी छर्रा झाडत असतं तर ऐकूही आला नसता.

हा ढिलेपणा आमच्याकडे दरवर्षी येतो. बहुतेक जण पेचकस घेऊन स्क्रू आवळतात आणि मोकळे होतात. मीही तेच करायचो. तीन-चार उन्हाळे गेल्यावर लक्षात आलं की जितकं जास्त आवळावं तितकी रायफल पुढच्या वर्षी जास्त हलते. असं का होतं आणि त्यावर कायमचा इलाज काय, ते इथे सविस्तर लिहितो.

आधी कायद्याची गोष्ट

हा लेख फक्त स्प्रिंगच्या, म्हणजे नळी मधून खाली मोडून छर्रा भरायच्या एअर रायफलसाठी आहे. आपल्या देशात ४.५ मिमीपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअरगनला परवाना लागत नाही, त्यामुळे तिचा दस्ता घरी खोलायला हरकत नाही. काडतुसाच्या बंदुकीचं तसं नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ मध्ये बंदुकीची दुरुस्तीही परवान्याखाली येते. आपल्या भागात बऱ्याच घरांत आजोबांच्या नावावरची बारा बोअर किंवा पीक राखायची, तोंडातून दारू भरायची भरमार बंदूक असते. तिचा पुढचा लाकडी भाग हलत असेल तर ती घरी खोलू नका, गावातल्या सुताराकडे किंवा लोहाराकडेही देऊ नका. परवाना असलेल्या दुरुस्तीवाल्याकडेच न्या. कायदा सोडला तरी त्याला कारण आहे. मोडून भरायच्या बारा बोअरमध्ये पुढच्या लाकडाला लागलेलं लोखंड नळीला बिजागरीवर धरून ठेवतं. तिथली ढिलाई म्हणजे नळीचीच ढिलाई, आणि ती नळी तोंडापासून वीतभर अंतरावर असते.

आणखी एक. संत्र्याच्या बागेत माकडं येतात, तुरीत रोही म्हणजे नीलगाई शिरतात, म्हणून एअरगन घेणारे पुष्कळ आहेत. त्यांचा त्रास मला माहीत आहे, आमच्याही शेतात तो आहे. पण जनावरावर किंवा पाखरावर छर्रा मारणं वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये अडकवू शकतं, आणि एअरगनच्या छर्ऱ्याने जनावर सहसा लगेच मरत नाही, जखम घेऊन आठवडाभर तडफडतं. खाली लिहिलेलं सगळं कार्डावर नेम धरणाऱ्यांसाठी आहे.

ढिलेपणा येतो कुठून

मोडून भरायच्या एअर रायफलचा दस्ता बहुधा एकसंध असतो, खांद्यापासून नळीच्या खालपर्यंत. त्याच्या पुढच्या भागाला कुणी फोरएंड म्हणतं, कुणी फोरआर्म. मी पुढचा दस्ता म्हणेन. तो दोन आडव्या स्क्रूंनी, एक डावीकडून आणि एक उजवीकडून, सिलिंडरच्या पुढच्या टोकाला धरलेला असतो. सिलिंडर म्हणजे मागची जाड नळी, जिच्यात स्प्रिंग आणि पिस्टन असतात. मागे घोड्याच्या गार्डजवळ आणखी एक किंवा दोन स्क्रू असतात. एवढ्यावरच सगळं लोखंड लाकडात बसलेलं असतं.

आता घोडा दाबल्यावर काय होतं ते बघा. स्प्रिंग सुटते, पिस्टन पुढे झेपावतो आणि रायफल मागे ढकलली जाते. पुढच्याच क्षणी पिस्टन दाबलेल्या हवेवर आदळतो आणि रायफल पुढे ओढली जाते. दोन उलटसुलट धक्के, तेही छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आतबाहेर. ऑलिम्पिकमध्ये दहा मीटरला वापरतात त्या रायफली साठवलेल्या दाबाच्या हवेवर चालतात, त्यांत हा धक्का जवळजवळ नसतो. आपल्या स्प्रिंगच्या रायफलीला तो प्रत्येक छर्ऱ्यामागे सोसावा लागतो.

त्यामुळेच लाकूड सैल असलं की नेम बिघडतो. साइट लोखंडावर असते, म्हणून कुणी म्हणेल की लाकूड हललं तर काय बिघडतं? नेम धरताना काही बिघडत नाही, घोडा दाबल्यावर बिघडतं. तुमच्या हातात लाकूड आहे आणि धक्का खातंय लोखंड. दोघांमध्ये केसाएवढी जरी फट असली तरी लोखंड दर वेळी त्या फटीत वेगळ्या बाजूला सरकतं. दहा मीटरच्या कार्डावर मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तिथे केसाएवढं म्हणजे फार झालं.

पण धक्क्याने फक्त स्क्रू सुटतो. लाकूड सैल होतं ते आपल्या हवेमुळे.

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. त्याने ते लांबीत फारसं बदलत नाही, पण रेषांना आडवं, म्हणजे जाडीत आणि रुंदीत, फुगतं आणि आकसतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि हवा इतकी कोरडी की दुपारी वाळत घातलेलं धोतर तासाभरात कडक होतं. दस्त्याच्या भिंती आकसतात, स्क्रूच्या डोक्याखाली जागा होते, रायफल टिकटिकते. आपण स्क्रू गच्च आवळतो. जून संपता संपता पाऊस बसतो आणि लाकूड फुगायला लागतं, पण आता फुगायला जागा नाही. एका बाजूला लोखंडी सिलिंडर, दुसऱ्या बाजूला स्क्रूचं डोकं. मध्ये अडकलेलं लाकूड स्वतःच्याच फुगण्याने चिरडलं जातं. हे चिरडलेले तंतू पुन्हा उभे राहत नाहीत. पुढच्या मेमध्ये तेच लाकूड आधीपेक्षा जास्त सैल बसतं. म्हणजे ढिलेपणा जन्मतो पावसाळ्यात आणि दिसतो उन्हाळ्यात.

ही गोष्ट मला गावातल्या म्हाताऱ्या सुतारकाकांनी समजावली. चार वर्षांपूर्वी मी एका रायफलीचा स्क्रू सगळा जोर लावून पिळला आणि 'कर्र' आवाज आला. भोकापासून पुढे बोटभर लांब रेघ गेली. पोरांच्या वाट्याच्या तीन रायफलींपैकी एक माझ्या हाताने बाद झाली, ते अजून टोचतं. काकांकडे घेऊन गेलो तर त्यांनी रेघेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "मास्तर, लाकडाले दाबू नका. लाकडाले बसू द्या." पुढचं सगळं मी त्या एका वाक्यावरून शिकत गेलो.

काय काय लागेल

स्क्रूच्या खाचेत अगदी नेमकं बसणारं पेचकस, किंवा तुमच्या रायफलीला सहाकोनी खाच असेल तर त्या मापाची ऍलन की. खाचेपेक्षा बारीक पेचकस वापरलं की पहिल्याच झटक्यात खाच खाल्ली जाते. गोल कानस, ८० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर, हॅकसॉ ब्लेड, अराल्डाइटच्या दोन नळ्या, थोडं थिनर, पांढरं मेण किंवा बिनरंगी बूट पॉलिश, जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी, निळं मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर (स्क्रू आपोआप सुटू नये म्हणून आट्यांवर लावायचा चिकटा), जवसाचं तेल, आणि काजळाची डबी. काजळ कशाला ते पुढे येईल. एक जुन्या रेडिओची एरियलही शोधून ठेवा.

खोलण्याआधी

नळी मोडून ब्रीचमधून, म्हणजे छर्रा भरायच्या तोंडातून, आरपार उजेड दिसतो का ते बघा. छर्रा असेल आणि स्प्रिंग ताणलेली असेल तर सगळ्यात सोपा आणि सुरक्षित मार्ग म्हणजे तो छर्रा छर्रापेटीत झाडून टाकणं. ताणलेल्या रायफलीचा दस्ता कधीही खोलू नका. नळी मोडलेली असताना घोड्याला हात लावू नका. नळी झटक्याने वर येते आणि मध्ये आलेलं बोट मोडते. छर्रा न घालता रिकामी झाडू नका, पिस्टन उघड्यावर आदळून सील आणि स्प्रिंग दोन्ही खराब होतात.

दस्ता काढला तरी स्प्रिंग सिलिंडरच्या आतच राहते, त्यामुळे एवढं काम घरी करता येतं. मात्र सिलिंडरच्या मागच्या टोकाचा खिळा किंवा नट काढू नका. न ताणलेली स्प्रिंगसुद्धा आत दाबून बसवलेली असते, ती सुटली की थेट तोंडावर येते.

नेमकं काय हलतंय ते शोधा

इथे घाई करू नका. दुरुस्तीला दोन तास लागतात, पण चुकीच्या दुरुस्तीने वर्ष जातं.

पहिली गोष्ट, हलतोय तो दस्ताच का? रायफल मांडीवर आडवी घ्या. लाकूड आणि सिलिंडर जिथे मिळतात तिथे अंगठ्याचं नख अर्धं लाकडावर, अर्धं लोखंडावर ठेवा आणि दुसऱ्या हाताने पुढचा दस्ता पिळा. नखाला घसरण जाणवली तर दस्ता सैल आहे. मग नख सिलिंडर आणि पुढची नळी यांच्या सांध्यावर ठेवून नळीचं टोक हलवा. इथे घसरण जाणवली तर दोष नळीच्या बिजागरीच्या बोल्टमध्ये आहे. दस्त्यावर कितीही मेहनत केली तरी तो जाणार नाही. एकदा मी अख्खा रविवार चुकीच्या सांध्यावर घालवला आहे.

दस्ताच सैल असेल तर दोन्ही आडवे स्क्रू एकेक करून हळू काढा. काढताना हाताला काय जाणवतं त्याकडे लक्ष द्या. पहिल्याच पाव फेऱ्यात स्क्रू मोकळा झाला, तर तो नुसताच सुटला होता. बहुधा आट्यांवर तेल उतरलेलं असतं. असं असेल तर तुमचं काम पाच मिनिटांचं आहे.

स्क्रू घट्ट होता पण लाकूड तरी हलत होतं, तर दोन शक्यता. एक, स्क्रूचं टोक आत कुठेतरी टेकतंय आणि डोकं लाकडाला दाबायच्या आधीच स्क्रू थांबतोय. दस्त्याच्या भिंती आकसून पातळ झाल्या किंवा कुणी मूळचा स्क्रू हरवून लांब स्क्रू घातला की असं होतं. खात्री करायला दस्ता बाजूला ठेवून स्क्रू नुसताच सिलिंडरच्या भोकात हाताने फिरवा आणि किती आत जातो ते खडूने खूण करून मोजा. मग लाकडाची जाडी मोजा. हिशेब लगेच लागतो. दुसरी शक्यता, डोक्याखालचं लाकूड चिरडून खोल गेलंय. उजेडात धरलं की तिथे काळपट, चकचकीत, दबलेला गोल दिसतो आणि नखाने टोचलं तर भुगा निघतो.

मग भोक बघा. मूळचं गोल भोक पुढे-मागे लांबट, अंड्यासारखं झालंय का? असेल तर धक्क्यांनी स्क्रू लाकूड खात आलाय. भोकापासून रेघ गेलीय का? संशय असेल तर त्यावर थिनरचं बोट पुसा. थिनर उडून जातं, पण रेघेत थोडा वेळ ओल राहते आणि केसासारखी रेघ काळी दिसते.

शेवटी आटे. स्क्रू सिलिंडरच्या भोकात हाताने फिरवताना मध्येच सटकला, तर लोखंडाचे आटे गेलेत. ते घरी करायचं काम नाही. तालुक्याच्या लेथवाल्याकडे नेऊन पुढच्या मापाचा टॅप मारून, म्हणजे नवे आटे पाडून घ्या आणि त्या मापाचा स्क्रू घ्या. टॅप मारताना आतला भुसा सिलिंडरमध्ये पडू नये, हे त्याला बजावून सांगा.

नुसता स्क्रू सुटला असेल तर

स्क्रू आणि भोकाचे आटे थिनरने पुसा. वाळू द्या. स्क्रू परत बसवा. हे काम मी इथेच संपवतो, पण थ्रेडलॉकर लगेच घालू नका. ते कधी घालायचं ते शेवटी सांगतो.

भोक बिघडलं असेल तर: एरियलची नळी

माझ्या मते आपल्या हवेत खरा टिकणारा इलाज हाच आहे. स्क्रूचा दाब लाकडावर येऊच द्यायचा नाही, तो लोखंडावरून लोखंडावर जाईल अशी व्यवस्था करायची. त्यासाठी लाकडाच्या भोकात धातूची एक छोटी नळी चिकटवून बसवायची, जिच्या आतून स्क्रू जाईल.

ही नळी कुठून आणायची याचा मी बराच शोध घेतला. शहरात मिळते म्हणतात. मला ती सापडली आमच्या माळ्यावर, वडिलांच्या बंद पडलेल्या रेडिओत. एरियलच्या नळ्या एकात एक जाणाऱ्या, म्हणजे प्रत्येक वेगळ्या व्यासाची, आणि बहुधा पितळेच्या, वरून चकचकीत मुलामा दिलेल्या असतात. तुमचा स्क्रू ज्या नळीत अडकता न अडकता, पण हलता न हलता जातो, ती निवडा.

नळी कापताना हॅकसॉ दाबू नका. नळी फळीवर ठेवून तळहाताने गोल फिरवत राहा आणि ब्लेड नुसतं टेकवून ठेवा. चहूबाजूंनी बारीक खाच पडत जाते आणि नळी न चेपता तुटते. लांबी अशी ठेवा की एक टोक सिलिंडरला टेकेल आणि दुसरं स्क्रूच्या डोक्याखाली किंवा वायसरखाली लाकडाच्या पातळीत येईल. थोडी जास्त कापा आणि कानशीने उतरवत आणा. टोकं अगदी काटकोनात हवीत. आतल्या कडेचा धारदार काठ कानशीने घासून टाका, नाहीतर स्क्रूचे आटे खरवडले जातात. बाहेरचा मुलामा ८० नंबरच्या पेपरने घासा, गुळगुळीत पृष्ठभागावर अराल्डाइट धरत नाही.

आता लाकडातलं भोक नळीच्या मापाचं करा. इथे ड्रिल मशीनचा मोह टाळा. जुन्या भोकात ड्रिल ओढलं जातं, वाकडं जातं आणि भिंत फाडतं. पुढच्या दस्त्याच्या भिंती आधीच पातळ असतात, कारण खालून नळी मोडायच्या दांडीसाठी लांब खाच कापलेली असते. गोल कानस घ्या, लाकडात भोकाच्या सरळ रेषेत धरा आणि प्रत्येक दोन घासण्यांमागे पाव फेरा फिरवा. लांबट झालेल्या भोकाच्या ज्या बाजूला लाकूड खाल्लेलं नाही, तिथेच जास्त घासावं लागेल, म्हणजे मध्य परत मूळ जागी येतो. नळी बोटाच्या हलक्या दाबाने आत गेली पाहिजे.

दस्ता सागवानाचा असेल, आणि आपल्याकडे चंद्रपूर-आलापल्लीच्या सागाचे दस्ते हौसेने करून घेतलेले असतात, तर चिकटवायच्या आधी भोक थिनरने दोनदा पुसा. सागात स्वतःचं तेल असतं आणि ते गोंद धरू देत नाही.

आता मेण. अराल्डाइट जिथे लागू नये असं सगळं लोखंड, म्हणजे सिलिंडरचं पुढचं टोक, स्क्रू, आट्यांची भोकं आणि मोडायची दांडी, यावर मेणाचा किंवा बूट पॉलिशचा हात फिरवा. स्क्रूच्या आट्यांत मेण ठासून भरा. हे विसरलात तर रायफल आणि दस्ता जन्माचे एकत्र होतील.

अराल्डाइट समान भागांत मिसळा, त्यात दस्त्याच्याच लाकडाचा बारीक भुसा घाला, लापशीसारखं दाट होईपर्यंत. भोकात पातळ थर द्या, नळीवर द्या, नळी बसवा. मग मेण लावलेले स्क्रू घालून दस्ता रायफलीवर चढवा आणि स्क्रू फक्त टेकतील एवढेच फिरवा. स्क्रूच नळीला सरळ धरतो, त्यामुळे ती वाकडी चिकटत नाही. बाहेर आलेला चिकटा थिनरच्या फडक्याने लगेच पुसा, विशेषतः दांडीच्या खाचेतला. रायफल चोवीस तास सावलीत आडवी ठेवा आणि तिला हात लावू नका. उन्हाळ्यात चिकटा लवकर कडक होतो, तरी चोवीस तास ठेवाच.

काजळाने दाब बघा

नळ्या बसल्यावर स्क्रूची बाजू झाली. पण लाकूड सिलिंडरला सगळीकडे सारखं टेकतंय का, हेही बघायला हवं. सिलिंडरचा जो भाग पुढच्या दस्त्यात बसतो त्यावर बोटाने काजळाचा पातळ हात द्या. दस्ता सरळ खाली बसवा, स्क्रू टेकवा, परत उचला. लाकडावर जिथे काळा डाग पडला तिथे ते टेकतंय, जिथे नाही तिथे फट आहे. आमच्या त्या रायफलीत डावीकडे एकच करंगळीएवढा डाग होता. उजवीकडे काहीच नव्हतं. सगळं लोखंड त्या एका डागावर डुलत होतं.

डाग एका उंचवट्यावर असेल तर २२० नंबरच्या पेपरने तेवढाच उंचवटा उतरवा आणि काजळ परत लावून बघा. फट मोठी असेल तर ते खाली घासून चालणार नाही. तिथलं लाकूड खडबडीत करा, भुसा घातलेल्या अराल्डाइटचा थर द्या, लोखंडाला मेण लावा आणि दस्ता बसवून पुन्हा एक दिवस ठेवा. काढल्यावर सिलिंडरचा हुबेहूब ठसा लाकडात उमटलेला दिसतो. तो ठसा पहिल्यांदा बघितला तेव्हा मी तो मुलांना दाखवायला वर्गात घेऊन गेलो होतो.

भोकापासून रेघ गेली असेल तर नळी बसवण्याच्या आधी ती भरा. रेघ दोन अंगठ्यांनी केसभर उघडा, बिनभुशाचं पातळ अराल्डाइट आत जिरू द्या आणि वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा. ट्यूब सगळीकडून सारखा दाब देते, शिकंजा एका जागी देतो आणि दुसरीकडे नवी रेघ काढतो. ट्यूबखाली प्लास्टिकचा कागद ठेवा म्हणजे ती चिकटणार नाही.

झटपट उपाय म्हणून फेविक्विक भोकात ओततात, एम-सील थापतात, आगपेटीच्या काड्या ठासतात, वरून तार गुंडाळतात. हे सगळं मी पाहिलंय. असल्या चिकट्याने लोखंड लाकडाला जन्माचं धरतं, नाहीतर दोनशे छर्ऱ्यांत भुगा होऊन खाली पडतं. पुढच्या माणसाला ते सगळं खरवडून काढावं लागतं आणि त्यात चांगलं लाकूडही जातं.

परत जोडताना

सगळं मेण थिनरने पुसून काढा. दस्ता बसवा. सगळे स्क्रू आधी फक्त टेकवा. मग डावा पुढचा पाव फेरा, उजवा पुढचा पाव फेरा, असं आलटून पालटून. एकच बाजू आधी गच्च केली तर सिलिंडर तिकडे ओढला जातो आणि मोडायची दांडी लाकडाला घासते. मागचे स्क्रू सगळ्यात शेवटी. जोर मनगटाचा द्या, कोपराचा देऊ नका. आता डोकं नळीवर टेकतं, लाकडावर नाही, त्यामुळे ते कुठे थांबलं हे हाताला स्पष्ट कळतं.

थ्रेडलॉकर न घालता आधी वीस-पंचवीस छर्रे झाडा. रायफल वाळूच्या पिशवीवर दाबून ठेवू नका. स्प्रिंगच्या रायफलीला उघड्या तळहातावर सैल ठेवलं तरच ती दर वेळी सारखी हलते. मग पुन्हा नख सांध्यावर ठेवून बघा. कुठे हलत नसेल तर एकेक स्क्रू काढा, आट्यांवर निळ्या थ्रेडलॉकरचा एक थेंब द्या, परत बसवा आणि चोवीस तास ठेवा. लाल थ्रेडलॉकर घेऊ नका, तो स्क्रू पुन्हा खोलायचा तर तापवावा लागतो आणि तापवलं की अराल्डाइट मऊ पडतं.

दस्त्याच्या आतलं उघडं लाकूड जवसाच्या तेलाने दोनदा पुसा, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात ते ओलावा हळूहळू घेईल. रंगाच्या दुकानात उकळलेलं जवसाचं तेल मिळतं, तेच घ्या. चटणीसाठी घाण्यावरून आणलेलं आठवडे वाळत नाही. आणि ते फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चुरगळलेल्या फडक्यात ती साठून फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. मे महिन्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये तर नक्कीच हा खेळ नको. फडकं पाण्यात बुडवा किंवा बाहेर दोरीवर पसरून वाळवा.

हे सगळं करायला उत्तम वेळ दिवाळीनंतरची. तेव्हा लाकूड ना पावसाने फुगलेलं असतं, ना उन्हाने आकसलेलं. पण स्पर्धा जवळ असेल तर मेमध्येही करा, फक्त नळी लाकडाच्या पातळीत अगदी नेमकी कापा.

स्क्रूच्या डोक्यावरून लाकडापर्यंत नेलपॉलिशची एक बारीक सरळ रेघ ओढा. स्क्रू जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते, पेचकस लावून बघायची गरज पडत नाही. ही रेघ बघायचं काम आता त्या आठवीतल्या पोरीकडे आहे. २०२४ मध्ये पॅरिसला स्वप्निल कुसाळेने ५० मीटरच्या रायफल प्रकारात कांस्य आणलं, तेव्हापासून आमच्याकडे सरावाला येणारी पोरं दुप्पट झालीत आणि तीन रायफलींवर सगळ्यांची पाळी येते. दर सोमवारी ती तिन्ही रायफली मांडीवर आडव्या घेते, रेघ बघते, नख सांध्यावर ठेवून पिळते आणि वहीत तारीख टाकते. दोन पावसाळे झाले. जुलैच्या पानांवर आणि मेच्या पानांवर अजून एकच शब्द लिहिलेला आहे: "घट्ट."